बाबासाहेबांना बत्तीस पदव्यांची गरज नाही



दरवर्षी जयंतीच्या आधीच्या आठवड्यात दारव्ह्यात आम्ही शाळकरी मुलांसाठी सामान्य ज्ञान स्पर्धा घेतो. पन्नास प्रश्न, एक तास, विहारात सतरंजीवर बसून. प्रश्नपत्रिका काढायचं काम काही वर्षांपासून माझ्याकडे आहे. मागच्या वेळी हाताशी वेळ कमी होता, म्हणून मी सोपा मार्ग धरला. मोबाईलवर आलेले ‘तुम्हाला माहीत आहे का?’ छापाचे मेसेज चाळले आणि त्यातूनच वीसेक प्रश्न काढले. त्यातला एक प्रश्न होता: बाबासाहेबांनी एकूण किती पदव्या मिळवल्या? माझ्या कागदावर उत्तर होतं ३२.

नववीतल्या एका मुलीने ८ लिहिलं. बाजूच्या मोकळ्या जागेत बारीक अक्षरात आठही पदव्यांची नावं लिहिली. मी त्यावर लाल काट मारली. तिचा पहिला नंबर एका गुणाने गेला.

बक्षिसं वाटून झाल्यावर ती माझ्याकडे आली. तक्रार नव्हती, वही-पेन घेऊन आली होती. म्हणाली, “भाऊ, मले आठच सापडल्या. बाकीच्या चोवीस कोन्त्या हायेत, तेवढं सांगून द्या ना. मी लिहून घेतो.”

मी समाजशास्त्रात एम.ए. केलेला माणूस. चळवळीत वावरतो, पोरांना ‘वाचा, वाचा’ म्हणून सांगत फिरतो. मला पंचविसावी सोडा, नववी पदवीसुद्धा सांगता आली नाही. ‘उद्या सांगतो’ म्हणून वेळ मारून नेली. रात्री पुस्तकं काढून बसलो आणि कळलं की त्या स्पर्धेत नापास मी झालो होतो.

हा लेख त्या मुलीला द्यायचं राहिलेलं उत्तर आहे. आणि माझ्यासारखे जे हजारो जण रोज सकाळी असे मेसेज पुढे ढकलतात, त्यांच्याशी थोडं भांडण आहे.

आधी हिशेब

मुंबई विद्यापीठाची बी.ए., एल्फिन्स्टन कॉलेजातून. कोलंबिया विद्यापीठाची एम.ए., १९१५. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधून एम.एस्सी., १९२१. तिथूनच डी.एस्सी., १९२३. कोलंबियाची पीएच.डी., जी रीतसर १९२७ साली मिळाली. ग्रेज इनमधून बॅरिस्टरी. शिवाय सन्मानाने दिलेल्या दोन: कोलंबियाची एलएल.डी. १९५२ मध्ये आणि हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाची डी.लिट. १९५३ मध्ये.

झाल्या आठ. अभ्यास करून मिळवलेल्या विद्यापीठाच्या पाच पदव्या, एक बॅरिस्टरी, दोन सन्मानाच्या. पोरीने अगदी हीच यादी लिहिली होती.

आता यातली एकच घ्या, डी.एस्सी. १९१७ साली बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि बाबासाहेबांना लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून परत यावं लागलं. पहिलं महायुद्ध चालू होतं. त्यांचं सामान आणि पुस्तकं ज्या बोटीवर होती, ती पाणतीराने बुडाली. बडोद्यात नोकरीला गेले तर राहायला जागा मिळेना. मुंबईत सिडनहॅम कॉलेजात शिकवून पैसे साठवले, शाहू महाराजांची मदत झाली, पारशी मित्र नवल भथेना यांच्याकडून उसने घेतले आणि १९२० मध्ये पुन्हा लंडन गाठलं. प्रबंध लिहून दिला तर परीक्षकांनी तो बदलून आणायला सांगितला. जवळचे पैसे संपत आले होते. मुंबईला परतून त्यांनी तो पुन्हा लिहिला, लंडनला पाठवला, आणि १९२३ साली पदवी मिळाली. तोच प्रबंध म्हणजे ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’.

बुडालेली पुस्तकं, उसने पैसे, परत आलेला प्रबंध, आणि तरीही पुन्हा लिहायला बसलेला माणूस. बारावीत एका विषयात राहिलेल्या आपल्या वस्तीतल्या पोराला यातून बळ मिळेल, की ‘३२’ या आकड्यातून? बत्तीस पदव्यांचा माणूस त्याला आपल्यातला वाटणारच नाही. तो हात जोडेल आणि पुस्तक बाजूला ठेवेल.

अशा आणखी काही गोष्टी

‘कोलंबिया विद्यापीठाने जगातल्या शंभर विद्वानांची यादी काढली, त्यात पहिलं नाव बाबासाहेबांचं.’ हा मेसेज तुम्हालाही आला असेल. मीही पाठवला आहे. असा क्रमांक कोलंबियाने काढलेला नाही. विद्यापीठाला अडीचशे वर्षं झाली तेव्हा, २००४ मध्ये, काळाच्या पुढे असलेल्या आपल्या माजी विद्यार्थ्यांची आणि प्राध्यापकांची एक यादी त्यांनी केली. तिच्यात बाबासाहेब आहेत. पण तिथे पहिला-दुसरा असा नंबर कुणालाच नव्हता. तिथल्या लेहमन ग्रंथालयात त्यांचा अर्धपुतळाही आहे. ज्या देशात त्यांना वर्गाबाहेर बसवलं गेलं, त्या देशाबाहेरच्या विद्यापीठाने त्यांना आपलं म्हटलं, हे पुरेसं मोठं आहे. त्यावर आपण हाताने ‘एक नंबर’ चिकटवायची गरज काय?

‘रिझर्व्ह बँक बाबासाहेबांनी स्थापन केली.’ बँक १ एप्रिल १९३५ रोजी सुरू झाली, १९३४ च्या कायद्याने. त्याआधी हिल्टन यंग यांच्या अध्यक्षतेखाली चलनासाठी शाही आयोग नेमला होता. त्या आयोगापुढे बाबासाहेबांनी १९२५ च्या डिसेंबरात साक्ष दिली. म्हणजे संबंध आहे, आणि मानाचा आहे. पण ‘स्थापन केली’ म्हणून टाकलं की पुढचा प्रश्न मरतो. ते तिथे नेमकं काय बोलले?

त्यांचं म्हणणं थोडक्यात असं होतं की रुपयाची किंमत सरकारच्या मर्जीवर सोडता कामा नये, चलन किती काढायचं यावर पक्कं बंधन हवं. ‘प्रॉब्लेम ऑफ द रुपी’मध्ये त्यांनी दाखवलं की रुपया घसरला की व्यापाऱ्याचा फायदा होतो, पण तो फायदा मजुराच्या खिशातून येतो. कारण भाव आधी वाढतात, मजुरी मागून येते. मित्रांनो, हे आपल्या तालुक्यात कुणाला समजावून सांगावं लागेल का? कापूस वेचायला जाणाऱ्या आपल्या आया-बहिणींना विचारा. तेलाचा भाव कधी वाढला आणि वेचणीचा दर कधी वाढला, हे त्या तोंडपाठ सांगतील. शंभर वर्षांपूर्वी एक माणूस लंडनमध्ये बसून त्यांच्या घराचा हिशेब मांडत होता. ही माहिती आपल्या कामाची आहे. ‘बँक स्थापन केली’ या वाक्यावर फक्त टाळ्या मिळतात.

आपल्या स्टेशनचंच बघा

हे फक्त आपल्या चळवळीत होतं असं नाही. दारव्ह्याचंच उदाहरण देतो. मोतीबाग स्टेशनवरून जाणारी शकुंतला आपल्या सगळ्यांची ओळखीची. यवतमाळ ते मूर्तिजापूर, नॅरोगेज. तिचं वाफेचं इंजिन १९२१ साली मँचेस्टरमध्ये बनलं आणि १९९४ पर्यंत धावलं. बाहेरगावच्या माणसाला आपण ऐटीत सांगतो, ‘भारतातली ही एकमेव रेल्वे, जी अजून इंग्रजांच्या मालकीची आहे!’

यात खरं किती? हा मार्ग सरकारी मालकीचा नव्हता, हे खरं. तो सेंट्रल प्रोव्हिन्सेस रेल्वे कंपनी या खासगी कंपनीचा, आणि त्या कंपनीमागे मुंबईची किलिक निक्सन. कापूस बंदरापर्यंत नेण्यासाठी इंग्रजांच्या काळात तो टाकला गेला, हेही खरं. पण किलिक निक्सन स्वातंत्र्यानंतर भारतीय मालकांकडे गेली. लंडनमधला कुणी गोरा साहेब आज शकुंतलेचं भाडं मोजत बसलेला नाही.

आता या अर्धसत्याने काय केलं ते पाहा. ‘इंग्रजांची रेल्वे’ म्हटलं की ऐकणाऱ्याला गंमत वाटते आणि विषय तिथेच संपतो. ही गाडी बंद पडली तेव्हा कुणाचं नुकसान झालं? ज्याच्याकडे मोटारसायकल आहे त्याचं नाही. एसटीच्या तिकिटापेक्षा कितीतरी स्वस्तात मूर्तिजापूर गाठणाऱ्या मजुराचं, भाजी घेऊन जाणाऱ्या बाईचं झालं. ब्रॉडगेज का रखडलं, स्वतंत्र देशात सरकारने मालकीचा प्रश्न इतकी वर्षं का लोंबकळत ठेवला, हे प्रश्न विचारायचे तर समोर आपलंच सरकार आणि आपलेच लोकप्रतिनिधी येतात. गंमतीदार माहितीचा हा एक गुण आहे. ती माणसाला खूष करते आणि प्रश्न विचारायचं विसरायला लावते.

बुद्ध जेव्हा ख्रिस्ती संत झाला

आता एक खरी गोष्ट सांगतो. ही ऐकून मीही आधी विश्वास ठेवला नव्हता, मग तपासली.

मध्ययुगीन युरोपात जोसाफात नावाच्या एका संताची कथा घरोघरी सांगितली जायची. हिंदुस्थानातला एक राजपुत्र. ज्योतिषी राजाला सांगतात की हा मुलगा संसार सोडेल. राजा त्याला महालात कोंडून ठेवतो, दुःख दिसू देत नाही. राजपुत्र बाहेर पडतो, त्याला रोगी दिसतो, म्हातारा दिसतो, मरण कळतं. मग बारलाम नावाचा संन्यासी भेटतो आणि राजपुत्र राज्य सोडून ख्रिस्ताच्या मार्गाला लागतो.

ओळखलंत ना? हा सिद्धार्थ गौतम आहे. त्याची जीवनकथा मध्य आशियातून अरबीत गेली, अरबीतून जॉर्जियनमध्ये, तिथून ग्रीक आणि लॅटिनमध्ये. ‘बोधिसत्त्व’ या शब्दाचं अरबीत ‘बूदासफ’ झालं. अरबी लिपीत ‘ब’ आणि ‘य’ यांच्यात शब्दाच्या सुरुवातीला फरक असतो तो फक्त टिंबांचा. नकलताना टिंब बदललं आणि ‘बूदासफ’चा ‘यूदासफ’ झाला. पुढे ग्रीकमध्ये ‘योआसाफ’, लॅटिनमध्ये ‘जोसाफात’. रोमन चर्चच्या संतांच्या यादीत त्याच्या नावाने २७ नोव्हेंबर हा दिवस नोंदवला गेला. एकोणिसाव्या शतकात अभ्यासकांनी दोन्ही कथा शेजारी ठेवून तपासल्या तेव्हा उलगडा झाला की हा संत म्हणजे बुद्ध.

असा मेसेज आला की आपण लगेच म्हणतो, ‘बघा, चर्चनेही बुद्धाला मानलं!’ जरा थांबा. चर्चने कशाला मानलं? बुद्धाचा चेहरा होता, त्याचा महाल होता, त्याचा त्याग होता. अनित्यता नव्हती, प्रतीत्यसमुत्पाद नव्हता, ईश्वर नाकारणारा बुद्ध तर नव्हताच. शेकडो वर्षं भाविकांनी त्याच्यापुढे हात जोडले आणि त्याचं एकही वचन त्यांच्या कानावर पडलं नाही. प्रत्येक नकलणाऱ्याने श्रद्धेनेच नक्कल केली. कुणाचाही हेतू वाईट नव्हता. फक्त मूळ कुणी उघडून पाहिलं नाही.

मला भीती आहे ती याची. उद्या बाबासाहेब घराघरात असतील, प्रत्येक पक्षाच्या फलकावर असतील, बत्तीस पदव्या आणि एक नंबर घेऊन. आणि जात मोडा म्हणणारे बाबासाहेब, बाईच्या हक्कासाठी मंत्रिपदाचा राजीनामा देणारे बाबासाहेब, राजकारणातली भक्ती हुकूमशाहीकडे नेते असं २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत बजावणारे बाबासाहेब त्यात नसतील. त्यांना जोसाफात करायला शत्रूची गरज नाही. आपले मोबाईल पुरेसे आहेत.

‘यात बिघडतं काय?’

एका जुन्या कार्यकर्त्याने मला हेच विचारलं. म्हणाले, “काहून एवढं ताणतो बाबू? ज्या पोराले पिढ्यान् पिढ्या तुच्छ म्हनून हिनवलं, त्याले आपल्या बापाचा अभिमान वाटला तर वाटू दे ना. दोन पदव्या जास्त झाल्या तर कोनाचं काय जाते?”

हा प्रश्न उडवून लावण्यासारखा नाही. ज्यांना पाटी-पेन्सिल मिळू दिली नाही, त्यांनी आपला इतिहास तोंडातोंडी जपला. जलशांनी, भीमगीतांनी, ओव्यांनी बाबासाहेब खेड्यापाड्यात नेले. गाण्यात भीमराव सूर्य असतो आणि त्याचं तापमान कुणी विचारत नाही, विचारूही नये. गाणं गाण्याचं काम करतं. पण ‘माहिती’ म्हणून जे पाठवतो, परीक्षेत जे विचारतो, भाषणात जे आकडे फेकतो, त्याला गाण्याची सवलत नाही.

दुसरं असं की, जानेवारी २०१५ मध्ये मुंबईच्या भारतीय विज्ञान परिषदेत प्राचीन काळच्या विमानविद्येवर निबंध वाचला गेला तेव्हा आपण किती हसलो होतो! पुरावा मागितला होता. पुरावा मागायचा तो अधिकार आपण बत्तीस पदव्या सांगून गमावतो. कॉलेजात समोरचा पोरगा एक आकडा खोटा पाडतो आणि मग त्याच दमात म्हणतो, ‘यांचं महाडही असंच असेल, संविधानही असंच असेल.’ खोट्या आकड्याचा भुर्दंड खऱ्या इतिहासाला बसतो.

तिसरं, आणि माझ्या लेखी सगळ्यात महत्त्वाचं. कालामांच्या केसपुत्त गावी बुद्धाने सांगितलं ते हेच की ऐकीव आहे म्हणून, परंपरा आहे म्हणून, ग्रंथात आहे म्हणून, गुरू सांगतो म्हणून मानू नका. ‘भीम ग्रुपवर आलंय’ ही त्या यादीतलीच एक गोष्ट आहे. बाबासाहेबांनी १९४८ साली ‘द अनटचेबल्स’ लिहिलं तेव्हा प्रस्तावनेतच सांगून टाकलं की जिथे दुवे सापडत नाहीत तिथे आपण अनुमान केलं आहे, ते कोणत्या आधारावर केलं तेही मांडलं, आणि टीकाकारांनी ते तपासावं असं म्हटलं. इतकं प्रामाणिक लिहिणाऱ्या माणसाच्या नावाने आपण बिनपुराव्याचं पाठवतो.

खऱ्या गोष्टी काय कमी आहेत?

आपल्याला नवलच हवं असेल तर खऱ्यात भरपूर आहे.

‘जय भीम’ हे अभिवादन मुंबई-पुण्यात जन्मलं असं अनेकांना वाटतं. ते रूढ करण्याचं श्रेय जातं आपल्या विदर्भातल्या कामठीच्या बाबू हरदास एल. एन. यांना. १९३७ मध्ये ते स्वतंत्र मजूर पक्षातर्फे मध्यप्रांत-वऱ्हाडच्या विधिमंडळात निवडून आले आणि १९३९ च्या जानेवारीत, अवघ्या पस्तिशीच्या आत-बाहेर, गेले. आपण दिवसातून पन्नास वेळा त्यांचा शब्द वापरतो. त्यांचा फोटो किती विहारांत आहे?

तेच ‘द अनटचेबल्स’ बाबासाहेबांनी अर्पण केलं आहे नंदनार, रविदास आणि चोखामेळा या तीन संतांच्या स्मृतीला. वारकरी परंपरेवर एवढी टीका करणाऱ्या माणसाने चोखोबाला विसरायचं नाकारलं. यावर एक अख्खी रात्र चर्चा होऊ शकते.

१९४६ च्या जुलैत बाबासाहेबांनी अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत डू बॉइस यांना पत्र लिहिलं. तिथल्या कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे जे निवेदन दिलं, त्याच्या प्रती मागितल्या. आपल्यालाही तोच रस्ता धरता येईल का, हा विचार त्यामागे होता. डू बॉइस यांनी महिन्याच्या आत उत्तर दिलं. दलित पँथर १९७२ साली आली, पण ही ओळख त्याआधी पाव शतक जुनी आहे.

आणि हंगेरीत सायोकाझा नावाच्या गावात रोमा, म्हणजे तिथे जिप्सी म्हणून हिणवल्या जाणाऱ्या मुलांसाठी एक शाळा आहे. तिचं नाव डॉ. आंबेडकर शाळा. तिथली माणसंही एकमेकांना ‘जय भीम’ म्हणतात.

मग करायचं काय

आम्ही दारव्ह्यात तीन नियम केले, ते सांगतो. पहिला, प्रश्नपत्रिकेतल्या प्रत्येक प्रश्नासमोर पुस्तकाचं नाव आणि पान लिहायचं. महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून काढलेले बाबासाहेबांच्या लेखन आणि भाषणांचे खंड आहेत, खैरमोडेंचं बारा खंडांचं चरित्र आहे, धनंजय कीर आहेत, संविधान सभेची सगळी चर्चा मोबाईलवर फुकट मिळते. दुसरा, पान सापडलं नाही तर प्रश्न बाद, मग तो कितीही गोड असो. तिसरा, निकालानंतर अर्धा तास मुलांनी परीक्षकाला प्रश्न विचारायचे. चूक सापडली तर गुण मुलाला.

वाटतं तितकं हे सोपं नाही. वेळ जातो. अशोकाचंच बघा. ब्राह्मी लिपी वाचली गेली १८३७ साली. शिलालेखातला ‘देवानंपिय पियदसि’ म्हणजे अशोक, हे सिंहलच्या ग्रंथांवरून तेव्हाच म्हटलं गेलं. पण ‘अशोक’ हे नाव लिहिलेला त्याचा स्वतःचा शिलालेख मस्कीला सापडला १९१५ मध्ये. खात्रीसाठी अठ्ठ्याहत्तर वर्षं गेली. आपण एक मेसेज पाठवण्याआधी अठ्ठ्याहत्तर सेकंद थांबू शकत नाही का?

वैशाख पौर्णिमेला विहारात वंदना झाल्यावर मी उभा राहिलो आणि सगळ्यांसमोर सांगितलं की उत्तर आठ होतं, पोरगी बरोबर होती, चूक माझी होती. पहिला नंबर आता दोघांचा आहे. काही ज्येष्ठांना ते आवडलं नाही. बाबासाहेबांच्या पदव्या कमी केल्या असं एकाने तोंडावर म्हटलं.

ती मुलगी मागच्या रांगेत बसली होती. कार्यक्रम संपल्यावर आली, पुन्हा वही-पेन घेऊन. म्हणाली, “भाऊ, थ्या रुपीच्या पुस्तकात काय हाय, ते कधी सांगता?”

येत्या रविवारपासून आम्ही ते वाचायला घेतोय. संध्याकाळी सहा वाजता, विहारात. मीही पहिल्यांदाच पूर्ण वाचणार आहे.

जय भीम.